पिवळी जर्सी, काळा गरुड : एईके अथेन्सच्या जुन्या जर्सी जमवायला लागताना

जुन्या फुटबॉल जर्सींचं वेड लागलं की पहिल्या वर्षी हाताला येईल ती घेतली जाते. एक मिलानची, एक अर्जेंटिनाची, एक कुठल्या तरी जपानी क्लबची, स्वस्तात मिळाली म्हणून. कपाट भरतं, पण त्या जर्सी एकमेकींशी काही बोलत नाहीत. म्हणून नवख्यांना मी सांगतो, क्लब एकच धरा. मी ग्रीसच्या राजधानीतला एईके धरला, आणि हा लेख त्याच्याच जर्सींबद्दल आहे. तुम्ही ऑलिंपियाकोस, पानाथिनाइकोस किंवा पाओक धरलात तरी रीत हीच राहील, रंग आणि सालं तेवढी बदलतील.

आधी क्लब समजून घ्या

याला पायरी म्हणावं की नाही, असं वाटेल. पण खरी जर्सी आणि नकली जर्सी यांतला फरक निम्मा इथेच कळतो.

१९२२ मध्ये आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, ग्रीक सैन्याचा पराभव झाला आणि १९२३ च्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. दहा लाखांहून जास्त ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन निर्वासित ग्रीसमध्ये आले. अथेन्सला आलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) माणसांनी १९२४ मध्ये हा क्लब काढला. पूर्ण नाव 'आथ्लितिकी एनोसिस कोन्स्तान्दिनुपोलेओस', म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा क्रीडासंघ. जे शहर सुटलं, ते नावात ठेवलं. पिवळा-काळा रंग आणि दोन डोक्यांचा गरुड हे बायझंटाइन साम्राज्याचे, ज्याची राजधानी हेच शहर होतं. एक तोंड पूर्वेला, एक पश्चिमेला. आपल्याकडे गंडभेरुंड पाहिलेल्या माणसाला हा पक्षी परका वाटणार नाही.

क्लबचं मैदान निआ फिलाडेल्फिया या उपनगरात. नावाचा अर्थ 'नवं फिलाडेल्फिया', आणि जुनं फिलाडेल्फिया आशिया मायनरमध्ये मागे राहिलेलं. फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांतून उल्हासनगर कसं उभं राहिलं, हे ज्यांनी घरात ऐकलं आहे त्यांना ही वस्ती लगेच समजेल. तिथलं जुनं निकोस गुमास स्टेडियम २००३ मध्ये पाडलं गेलं. क्लब जवळजवळ वीस वर्षं परक्या मैदानांवर खेळला आणि २०२२ मध्ये त्याच जागी नव्या स्टेडियममध्ये परतला. त्या मधल्या वर्षांतली जर्सी हातात घेतली की ही वीस वर्षं आठवतात. मला तरी आठवतात.

हंगाम ठरवा, मग जर्सी शोधा

एईकेच्या शंभर वर्षांच्या सगळ्या जर्सी कुणालाच मिळणार नाहीत. एक धागा पकडा. माझ्या मते सुरुवातीला धरण्यासारखे धागे असे आहेत.

सत्तरच्या दशकातला एईके म्हणजे १९७६-७७ चा यूएफा कप. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडच्या क्यूपीआरकडून बाहेर ३-० नं हार, घरी ३-० नं जीत, मग पेनल्टींवर विजय. पुढे उपांत्य फेरीत युव्हेंटसनं थांबवलं. पापायोआनू आणि माव्रोस हे दोघं त्याच संघात होते. माव्रोसचे ग्रीक लीगमधले २६० गोल आजवर कुणी ओलांडलेले नाहीत. पण या काळातली जर्सी नवख्यानं शोधू नये. त्या वेळच्या जर्सी बहुतेक खेळाडूंच्याच अंगावरच्या, त्यामुळे बाजारात आल्याच तर पुरावा मागावा लागतो, आणि पुरावा बहुधा नसतो.

१९९२, ९३ आणि ९४ ही लागोपाठ तीन विजेतेपदं प्रशिक्षक दुशान बायेविच यांच्या हाताखालची. त्यानंतर १९९४-९५ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला हरवून एईके चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला ग्रीक क्लब ठरला. या वर्षांच्या जर्सी अधूनमधून दिसतात आणि महाग जातात.

नवख्यासाठी खरा दरवाजा त्याच्या पुढचा आहे, काप्पाचा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या इटालियन कंपनीनं एईकेसाठी जर्सी केल्या आणि त्यांतल्या काहींवर गरुड छातीवरच्या छोट्या बिल्ल्यात न ठेवता अख्ख्या अंगावर पसरला. पिवळ्या कापडावर काळे पंख. युरोपातल्या संग्राहकांत या जर्सीला मोठा मान आहे, आणि म्हणूनच तिच्या नकलाही सर्वांत जास्त. ७ एप्रिल १९९९ ला, युगोस्लाव्हियावर नाटोचे बॉम्ब पडत असताना, एईके बेलग्रेडला जाऊन तिथल्या पार्टिझान क्लबशी मैत्रीचा सामना खेळून आला. तेव्हा क्लब काप्पाच्याच जर्सीत होता. माझ्या संग्रहात त्या हंगामाची एक साधी चाहत्यांसाठीची प्रत आहे. सामन्यातली नव्हे. तरी सगळ्यांत आधी मी पाहुण्यांना तीच दाखवतो.

त्यापुढे नायकी. २००२-०३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद, रोमा आणि गेंक यांच्याविरुद्धचे सहाच्या सहा सामने बरोबरीत. माद्रिदशी अथेन्समध्ये ३-३, तिकडे जाऊन २-२. एकही हार नाही आणि तरी गटातून बाहेर. २००६-०७ मध्ये आदिदासची जर्सी, छातीवर प्रायोजक एलजीचं नाव, आणि मिलानवर १-० नं विजय. तोच मिलान पुढे मे महिन्यात त्याच अथेन्समध्ये युरोपचा विजेता झाला. २००७-०८ ला प्यूमाची जर्सी आणि संघात ब्राझीलचा रिवाल्डो. २०१३ मध्ये क्लब खाली घसरला आणि पैशांअभावी थेट तिसऱ्या श्रेणीतून नव्यानं सुरू झाला. २०१५ ला परत वर. त्या खालच्या श्रेणींतल्या दोन वर्षांच्या जर्सी आज स्वस्त आहेत, फार कुणी विचारत नाही. मी सांगेन, त्या आत्ता घ्या. ज्यांचा क्लब बुडाला होता आणि तरी जे मैदानावर जात होते, त्यांनी त्या विकत घेतल्या होत्या.

शब्द ओळखा

विकणारे चार प्रकार सांगतात. 'रेप्लिका' म्हणजे दुकानात चाहत्यांसाठी विकलेली अस्सल प्रत. जुनी असली की हीच तुमची मुख्य खरेदी. 'प्लेअर इश्यू' म्हणजे खेळाडूंना पुरवलेल्या साठ्यातली. 'मॅच इश्यू' म्हणजे एका ठरावीक सामन्यासाठी तयार केलेली पण अंगावर चढली की नाही ते माहीत नाही अशी. 'मॅच वॉर्न' म्हणजे खेळलेली. शेवटच्या तिघींच्या नावाखाली फार काही खपवलं जातं. पहिल्या दहा जर्सी रेप्लिकाच घ्या.

पाचवा प्रकार 'रीमेक': क्लबनं किंवा कंपनीनं जुन्या नमुन्यावरून आज बनवलेली. ती फसवणूक नाही, घालून फिरायला उत्तम. फक्त जुनी म्हणून पैसे मोजू नका.

शोध दोनदा घ्या

ही युक्ती मला कुणी सांगितली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. ए, ई, के ही तीन अक्षरं रोमन आणि ग्रीक लिपीत दिसायला हुबेहूब सारखी आहेत. संगणकासाठी मात्र ती वेगळी अक्षरं आहेत. तुम्ही इंग्रजी कीबोर्डवरून शोधलंत तर ग्रीक माणसानं ग्रीक कीबोर्डवरून लिहिलेली जाहिरात तुमच्यासमोर येईलच असं नाही. फोनमध्ये ग्रीक कीबोर्ड चालू करा आणि प्रत्येक शोध दोन्हीकडून घ्या. ग्रीकमध्ये जर्सीला 'फानेला' म्हणतात, आपल्या फ्लॅनेलचाच भाऊबंद. 'पालिया' म्हणजे जुनी, 'मेगेथोस' म्हणजे साइज, 'फोरेमेनी' म्हणजे वापरलेली, 'दिकेफालोस' म्हणजे दोन डोक्यांचा. भाषांतराच्या अ‍ॅपमधून हे शब्द ग्रीक लिपीत उतरवून ठेवा.

शोधात दोन भलत्याच गोष्टी येतील. सायप्रसमध्ये लार्नाका शहराचा एक वेगळा एईके आहे, १९९४ चा, पिवळ्या-हिरव्या रंगाचा. आणि अथेन्सच्या एईकेचाच बास्केटबॉल संघ आहे, ज्यानं १९६८ मध्ये अथेन्सच्या जुन्या संगमरवरी स्टेडियमवर स्लाव्हिया प्रागला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला. बिनबाह्यांची जर्सी फुटबॉलची म्हणून विकायला ठेवलेली मी पाहिली आहे. बास्केटबॉलची जर्सी घ्यायला हरकत नाही, काय घेतोय ते माहीत असलं म्हणजे झालं.

शोधायचं कुठे? ईबे आहेच. मँचेस्टरचं 'क्लासिक फुटबॉल शर्ट्स' २००६ पासून याच धंद्यात आहे. किमती चढ्या, पण तिथले फोटो तुलनेसाठी फुकट पाहता येतात आणि नवख्यानं ते तासन्‌तास पाहावेत. अथेन्सला जाणं झालं तर रविवारी सकाळी मोनास्तिराकीचा जुना बाजार. तिथे जर्सी मिळेलच असं नाही, पण जुने कार्यक्रमपत्रक, तिकिटं, स्कार्फ मिळतात, आणि त्यांच्यावरच्या फोटोंतून जर्सीचे बारकावे कळतात.

पैसे देण्याआधी हे फोटो मागा

विकणाऱ्याकडून पुढची बाजू, पाठ, गळ्याचं लेबल, आतल्या शिवणीतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल, बिल्ला जवळून, बिल्ला आतून आणि दोन्ही बाह्यांचे फोटो मागा. काखेपासून काखेपर्यंतची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा, कारण नव्वदच्या दशकातल्या जर्सी ढगळ आणि लेबलवरची साइज आजच्या हिशेबात बसत नाही. आतला बिल्ला दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. भरतकाम पुढून कुणीही नीट करतं. पाठीमागे धाग्यांचा गुंता, जाड कडक कागद राहिलेला दिसला की थांबायचं.

नायकीच्या २००० नंतरच्या जर्सीत आतल्या बाजूला एक छोटं लेबल असतं, त्यावर सहा आकडी क्रमांक. तो शोधयंत्रात टाका. तीच जर्सी समोर आली तर ठीक, दुसऱ्याच देशाची जर्सी किंवा बूट आले तर नकली. नकल करणारे एकच क्रमांक शंभर नमुन्यांवर छापतात. आदिदासच्या आतल्या छोट्या लेबलवर त्या काळात महिना आणि वर्ष छापलेलं असायचं. २००६-०७ ची म्हणून विकली जाणारी जर्सी २०११ ची असेल तर तिथेच कळतं. जुन्या काप्पाला असा सोपा आकडा मिळत नाही. तिथे कापडच वाचावं लागतं: त्या काळच्या पॉलिएस्टरला थोडी जाडी आणि चमक असते, उजेडासमोर धरलं की विणीतली नक्षी दिसते. आजच्या नकलेचं कापड हलकं, निसरडं, आणि पिवळा रंग लिंबासारखा. एईकेचा पिवळा बहुतेक हंगामांत भंडाऱ्याकडे झुकणारा आहे.

आणि बाह्यांवरचे बिल्ले. इथे मी स्वतः फसलो. '२००२-०३ ची चॅम्पियन्स लीगच्या हंगामातली' म्हणून एक नायकी जर्सी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून घेतली. जर्सी अस्सल, क्रमांक जुळणारा, किंमत दुप्पट, कारण बाहीवर लीगचा बिल्ला होता. घरी आल्यावर खिडकीजवळ नेऊन बाही पाहिली. बिल्ल्यावर 'सुपर लीग' लिहिलेलं. ग्रीसची सुपर लीग २००६ मध्ये सुरू झाली; त्याआधी पहिल्या श्रेणीचं नाव 'आल्फा एथ्निकी' होतं. म्हणजे २००२ च्या बाहीवर हा बिल्ला असूच शकत नव्हता. नखानं कड हलकेच उचलली तर खालचं कापड बाकीच्या बाहीइतकंच फिकं. धुऊन विटलेल्या जर्सीवर नंतर कुणीतरी इस्त्रीनं चिकटवला होता. खाली जुनं कापड, वर नवं. खरा जुना बिल्ला असता तर खालचा पिवळा उलट गडद राहिला असता, ऊन आणि साबण न लागल्यामुळे. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत. बिल्ला मी तसाच ठेवला आहे आणि जर्सी शिकायला आलेल्यांच्या हातात देतो.

पाठीवरचे आकडे तपासायचीही हीच रीत. मखमलीसारखे लागतात ते फ्लॉकचे, रबरासारखे लागतात ते विनाइलचे. अंगठा हळूच फिरवा. जुन्या विनाइलला बारीक चिरा असतात, जुन्या फ्लॉकची लव कडांना झडलेली असते. तीस वर्षांच्या जर्सीवर कोरा करकरीत दहा नंबर असेल तर तो अलीकडे बसवला आहे. त्यात गुन्हा नाही, पण किंमत कोऱ्या पाठीच्या जर्सीचीच द्यायची.

पार्सल आणि सीमाशुल्क

थोडक्यात सांगतो. पैसे ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या मार्गानंच पाठवा. 'मित्राला पाठवतोय असं दाखवा, फी वाचेल' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. भारतात मागवलीत तर सीमाशुल्क आणि वर कुरिअरची हाताळणी फी जर्सीच्या किमतीत आधीच मिळवून पाहा. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यामुळे पार्सल अडकू शकतं. सर्वांत बिनघोर मार्ग म्हणजे युरोपात राहणारा भाऊ, मावशी, मैत्रीण: तिथल्या पत्त्यावर मागवायची आणि त्यांनी येताना बॅगेतून आणायची. मी जर्मनीतल्या मावसबहिणीच्या भरवशावर अर्धा संग्रह केला. दर दिवाळीला ती येते आणि चकल्यांच्या बदल्यात दोन जर्सी देते.

धुणं आणि ठेवणं

एईकेच्या जर्सीचा खास धोका म्हणजे काळा पिवळ्यावर उतरतो. पहिल्या धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं काळा भाग आतून दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती जर्सी भिजवून ठेवायची नाही. गार पाण्यात, उलटी करून, दोन मिनिटांत हलक्या हातानं धुऊन लगेच टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. पिळायची नाही. वॉशिंग मशीन नको, ब्लीच नको, ऊन नको, आणि छापील भागावर इस्त्री कधीच नको. लोकर किंवा सुती जुनी जर्सी हाती आलीच तर रिठ्याचं पाणी, जसं आई शालीला वापरायची तसं. गळ्याचा पिवळा-तपकिरी डाग निघेना तर राहू द्या. रसायनानं डागाबरोबर रंगही जातो.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. मुंबईत किंवा कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात बुरशी धरते आणि जुनं विनाइल चिकट होतं. एका जुलैमध्ये माझ्या दोन जर्सी घडी घालून एकीवर एक ठेवल्या होत्या; गणपतीत कपाट उघडलं तेव्हा वरच्या जर्सीचा सात खालच्या जर्सीच्या छातीवर उमटलेला होता. तेव्हापासून घडी छापील भागावरून घालत नाही आणि प्रत्येक दोन जर्सींच्या मध्ये धुऊन मऊ केलेलं मांजरपाट घालतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, ओल आत कोंडते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेनं छपाई मऊ पडू शकते. कसरीसाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवल्यात तर त्या दर पंधरा दिवसांनी बदला. भिंतीवर काचेत लावायची असेल तर थेट उजेड न येणारी भिंत निवडा. पिवळा सगळ्यांत आधी उडतो.

वही

प्रत्येक जर्सीमागे वहीत अर्धं पान: कुठल्या हंगामाची, कुणाकडून कधी घेतली, किती पैसे, लेबलवरचा क्रमांक, कुठे डाग, कुठे शिवण उसवली, आणि त्या हंगामात क्लबचं काय झालं. लेबलांचे फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये. पुढची जर्सी तपासताना सगळ्यांत जास्त कामाला येते ती ही स्वतःचीच वही, कारण खात्रीच्या एका लेबलाशेजारी शंकेचं लेबल ठेवलं की अक्षरांची जाडी, शिवणीचा धागा, कापणीची कड डोळ्यांना लगेच दिसते.

सुरुवातीला वर्षाला तीन जर्सी पुरेत. पहिली २००६-०७ ची आदिदास घ्या: मिळते, परवडते, आणि तारखेचं लेबल वाचायला हात बसतो. दुसरी, खालच्या श्रेणींतल्या त्या दोन वर्षांतली प्यूमा. काप्पाचा मोठा गरुड तिसरा, आणि तोही आधी दहा खऱ्या गरुडांचे फोटो आतून-बाहेरून पाहून झाल्यावर.